घरचा आवाज

क्योटोजवळच्या कामेओकात थंडीच्या सकाळी धुकं असं दाटतं की समोरून येणारा माणूस आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. आमच्या गल्लीत माणसं ओळखायची ती आवाजावरूनच. कावाकात्सु मित्सुयो-सान कचऱ्याची पिशवी ठेवायला निघाली की तिचा जाडाभरडा, पोटातून निघणारा आवाज तिच्या पुढे चालत यायचा. "बाबा, बूट बाहेर. बाहेर म्हटलं ना. सगळं शेत काय घरात आणतोस?" मग तिच्या नवऱ्याचं, तामोत्सु-सानचं, काहीतरी पुटपुटणं; मुलगा झाल्यापासून ती दोघं एकमेकांना आई-बाबाच म्हणायची. मग ती स्वतः धुक्यातून प्रकट व्हायची, आणि मी दिसले की तोच गळा झटकन वर चढायचा. "सुप्रभात, ताकेमुरा-सान. आज गारठा फारच पडला आहे, नाही का?"

यात नवल काहीच नाही. माझ्या आईचेही दोन आवाज होते, माझेही आहेत. आतल्या खोलीत मुलांवर ओरडता ओरडता फोन वाजला की आपण जो आवाज काढतो, तो बाहेरचा. मित्सुयो-सानचे दोन आवाज एकमेकांपासून जरा जास्तच लांब होते एवढंच, कारण बाहेरच्या आवाजावर तिचं पोट होतं. ती सहलीच्या बसमधली गाइड. शाळा संपल्या संपल्या लागली. लग्न झाल्यावर तेव्हाच्या रीतीप्रमाणे टोपी आणि पांढरे हातमोजे परत केले. मुलगा शिकायला बाहेर पडला तेव्हा कंपनीनंच पुन्हा बोलावलं, कारण मेपलची पानं लाल होण्याच्या दिवसांत गाइड पुरत नाहीत. ड्रायव्हरच्या शेजारी रस्त्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि हसत सांगायचं, "आपण कृपा करून उजव्या हाताला पाहावं." बस मागे घ्यायची झाली की उतरून शिटी वाजवायची. वाट लांबली की नावाड्यांचं एखादं गाणं म्हणायचं.

मला तिचा घरचा आवाज मिळायला बरीच वर्षं लागली. एकदा मी माझी सुरी धार लावायला तिच्याकडे नेली. तिनं पात्यावरून अंगठा फिरवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ही सुरी आहे का चमचा?" त्या दिवसापासून आम्ही मैत्रिणी.

पन्नाशी ओलांडल्यावर तिचा गळा अडायला लागला. सुरुवातीला फक्त स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दांवर. 'आज' म्हणायला गेली की 'आ' अर्ध्यावर चिमटला जायचा, जणू कोणी आतून दार ओढून घेतलंय. पुढे वाक्याला दोनदा, मग शब्दागणिक. ऐकणाऱ्यालाच स्वतःचा गळा साफ करावासा वाटे. गल्लीतल्या बायकांनी मधात मुरवलेला मुळा दिला, आलं दिलं, गळ्याची दुखणी बरी करणाऱ्या देवळातला ताईत आणून दिला. एका डॉक्टरनं वयाचं आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं मनाचं. त्या दुसऱ्याच्या गोळ्यांनी ती दुपारी झोपायला लागली, गळा होता तसाच.

गंमत अशी की गाताना तो अडत नसे. माहिती सांगताना अडकली की ती सरळ गाणं सुरू करायची, आणि ते झऱ्यासारखं वाहायचं. प्रवासी टाळ्या वाजवायचे. ड्रायव्हर म्हणायचा, "आज देवळं दाखवायची आहेत का मैफल आहे?" कुजबुजतानाही अडत नसे. माझ्या स्वयंपाकघरात ती कुजबुजूनच बोलायला लागली.

शेवटी क्योटोतल्या एका रुग्णालयात नीट तपासणी झाली. आवाजाच्या दोन पडद्यांना बोलण्यासाठी हलकेच जवळ आणणारे स्नायू असतात, ते तिच्या बाबतीत नको तेव्हा आवळत होते. पडदे धडाधड मिटत होते आणि हवेला वाटच राहत नव्हती. त्यावर शस्त्रक्रिया होती. गळ्याच्या पुढच्या बाजूची कूर्चेची कडक ढाल मधोमध चिरायची, किंचित फाकवायची आणि ती फट तशीच राहावी म्हणून धातूच्या बारीक पट्ट्या बसवायच्या. मग स्नायूंनी कितीही आवळलं तरी पडदे घट्ट मिटत नाहीत. फट किती ठेवायची हे आधी ठरवता येत नाही. म्हणून पेशंटला झोपवत नाहीत. गळा बधिर करतात, आणि डॉक्टर फट कमीजास्त करत असताना त्यानं बोलत राहायचं. आवाज मोकळा झाला की तिथेच थांबायचं.

"म्हणजे रेडिओचं बटण फिरवतात तसं," मी म्हटलं.

"रेडिओला दुखत नाही," ती कुजबुजली.

दुखलं नाही म्हणे. नंतर तिनं मला सगळं सांगितलं. डोळ्यांवर हिरवं कापड, आजूबाजूला पाच-सहा माणसं असावीत, कोण कुठलं माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, "कावाकात्सु-सान, नेहमीसारखं बोला." आता डॉक्टरसमोर, त्यांच्या मदतनिसांसमोर, आडवं पडून का होईना, कुठली बाई नेहमीसारखी बोलेल? तिनं आधी त्रासाबद्दल क्षमा मागितली आणि मग बसमध्ये उभी असल्यासारखी सुरू झाली. उजव्या हाताला नदी, डाव्या हाताला डोंगर. पहिली दोन वाक्यं अडखळली. डॉक्टरांनी काहीतरी हलवलं. तिसरं वाक्य स्वच्छ आलं. खोलीत सगळ्यांनी समाधानाचा श्वास सोडला. फट तिथेच कायम केली.

काही दिवस बोलायचं नव्हतं. ते संपल्यावर ती घरी आली ती सलगमाच्या ऐन हंगामात. कावाकात्सुंचे सलगम म्हणजे बाळाच्या डोक्याएवढे, पांढरेशुभ्र. त्यांचे पातळ काप काढून मीठ लावून पिंपात मुरायला घालतात, वर लाकडी झाकण आणि झाकणावर दगड. तामोत्सु-सान घरामागे पिंपांसाठी घातलेल्या छपरात कापत बसले होते. तिनं दार सरकवलं आणि रोजच्यासारखं म्हणायला गेली, "आले मी." गळा आवळला. पहिल्याइतका नाही, पण आवळला. तिनं पुन्हा प्रयत्न केला, तसाच. मग तिनं गळा वर चढवला आणि म्हणाली, "मी परत आले आहे." स्वच्छ. काचेसारखं.

तामोत्सु-सान हात पुसत, घाईनं अंगातला अ‍ॅप्रन सोडत बाहेर आले. त्यांना वाटलं, पाहुणी आली आहे.

पुढचं वर्ष असंच गेलं. उंच आवाजात ती बिनचूक बोलायची. खाली उतरली की गळा मिटायचा. आणि उंच आवाजाची गोम अशी की तो एकटा येत नाही, आपले शब्द बरोबर घेऊन येतो. त्या पट्टीत 'चहा टाक' निघतच नाही. तोंडातून येतं, "आपण चहा घेणार का?" मी स्वतः करून बघितलं आहे. 'बूट बाहेर' हे त्या आवाजात म्हणता येत नाही. ती म्हणायची, "बाबा, आपण पादत्राणं बाहेर काढावीत, अशी विनंती आहे." पहिल्यांदा तामोत्सु-सान हसले. मग हसायचे थांबले. मग ते बूट आधीच बाहेर काढून, जोडून ठेवायला लागले. जेवताना मांडी घालून बसायचे ते गुडघे दुमडून बसू लागले. तिनं भात वाढला की म्हणायचे, "कष्ट दिले." शेतकरी संघाच्या साहेबाशी बोलतात तसं. नागोयाहून मुलाचा फोन आला की तो दर वेळी विचारायचा, "आई, कोणी आलंय का घरी?"

कंपनी मात्र खूश होती. शरदात तिला पुन्हा बसवर घेतलं, वर नव्या मुलींना शिकवायचं कामही देऊ केलं. तिचं म्हणणं असं की आयुष्यात ती इतकं चांगलं कधीच बोलली नव्हती.

घरी ती बोलेनाशी झाली. टीव्ही चालू असायचा. मी विचारलं, वाईट वाटतं का? तिनं खूप वेळ विचार केला, जणू कुठल्या कपाटात ठेवलंय ते आठवत नाहीये. "काही वाटत नाही," ती कुजबुजली. "घरात कामाला कोणीतरी बाई ठेवलीये असं आहे. चांगली आहे बाई. तक्रारीला जागा नाही."

दर तीन महिन्यांनी रुग्णालयात जायचं असे. तिथला घोळ मला नंतर कळला. डॉक्टर विचारायचे, "कसा आहे आवाज?" ती उंच, नितळ आवाजात म्हणायची, "आपल्या कृपेनं उत्तम आहे." खरं सांगायला तोंड उघडलं तरी ते त्याच आवाजात. "घरी जरा अडतो" हे वाक्य तिनं इतकं सुंदर म्हटलं असणार की डॉक्टरांनी ते विनय म्हणूनच ऐकलं. दुखणं डॉक्टरच्या दारात पाऊल ठेवलं की पळून जायचं, आणि घरी परतलं की आधीच येऊन बसलेलं असायचं.

एकदा मी बरोबर गेले होते. तपासणी झाली, डॉक्टरांनी छान म्हटलं, ती वाकली, मीही वाकले. बाहेर बोळकंडीत तिचा मोबाइल वाजला. तामोत्सु-सान होते, मिठाची गोणी सापडत नव्हती. फोन कानाला लावताना ती भिंतीकडे वळली आणि सवयीनं, न ठरवता, खाली उतरली. "छप... रात... आ... आत..." प्रत्येक शब्द दोन बोटांत चिमटलेला.

मागून वाणीउपचार करणारी तरुण मुलगी, सेगी-सान, फाइली घेऊन चालली होती. ती थबकली. फोन संपेपर्यंत उभी राहिली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "कावाकात्सु-सान, हा आवाज तुम्ही आम्हाला कधी दाखवलाच नाही."

"तो दाखवण्यासारखा नाही," मित्सुयो-सान वरच्या पट्टीत म्हणाली आणि चक्क लाजली.

सेगी-साननं आम्हाला आपल्या खोलीत नेलं. केसांचं रबर काढून दोन बोटांवर ताणलं. उंच बोलताना, ती म्हणाली, गळ्याच्या पुढे, खालच्या बाजूला एक स्नायू आहे तो ढाल पुढे झुकवतो. पडदे असे लांब, पातळ ताणले जातात. ताणलेल्या पडद्यांना आवळणाऱ्या स्नायूंची पकड नीट बसत नाही, म्हणून गाणं आपोआप मोकळं येतं, आणि थोडी फट मिळाली की बसमधलं बोलणंही येतं. खालच्या आवाजात पडदे सैल आणि जाड होतात. मग तिनं रबर ढिलं सोडलं आणि दोन्ही पदर चिमटीत धरले. पकडतात ते इथे. "शस्त्रक्रियेत तुम्ही ताणलेल्या आवाजात बोललात. त्याला थोडीच फट पुरली. ढिल्या आवाजाला ती पुरत नाही."

डॉक्टरांना बोलावलं. ते भले गृहस्थ होते. चूक माझीच, मी विचारायला हवं होतं, असं म्हणून तेच वाकले. फट वाढवता येईल, म्हणाले. पण मग ताणलेले पडदे जुळायला कमी पडतील, वरच्या आवाजातून हवा गळेल. घरचा आवाज मिळेल, बसचा बहुधा जाईल. दोन्ही मिळणं अवघड. ठरवायचं ते तुम्ही.

परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, घाई काय आहे, विचार कर. तिनं मान हलवली. हिवाळा निम्मा गेला, तिनं काही ठरवलं नाही. एका बाजूला उभ्या आयुष्याचं काम, दुसऱ्या बाजूला बूट, मीठ आणि पिंपाचं झाकण. ती म्हणायची, दोन्ही पारडी हातात घेते आणि कुठल्याचंच वजन लागत नाही.

ठरलं ते छपरात. तामोत्सु-सान ओल्या हातानं पिंपावरचा दगड उचलत होते. तो निसटला आणि त्यांचा डावा हात झाकण आणि दगडाच्या मध्ये सापडला. आवाज ऐकून ती धावली. मीही कुंपणापलीकडून धावले, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. तिनं तोंड उघडलं, खालचा आवाज आवळला, काहीच आलं नाही. मग आलं ते असं:

"आपल्याला इजा झाली आहे का?"

स्वच्छ, गोड, शेवटी किंचित वर जाणारं. बसच्या पायरीवर कोणी अडखळलं तर विचारतात तसं.

आणि तामोत्सु-सान, हात दगडाखाली, झाकणाच्या कडेनं पांढऱ्या कापांवर रक्त उतरतंय, मान लववून म्हणाले, "नाही, नाही. काळजी नसावी."

आम्ही दोघींनी दगड उचलला. दोन बोटं मोडली होती. ते सगळा वेळ आमचे आभार मानत होते. रुग्णवाहिकेत चढतानाही ती "सावकाश, पायरी आहे" म्हणाली आणि ते "आभारी आहे" म्हणाले. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. घरी येऊन तिनं ते सगळं पिंप ओतून टाकलं, धुतलं, उन्हात पालथं घातलं. मग क्योटोच्या रुग्णालयाला फोन लावला. नव्या मुलींना शिकवायचं काम तिनं त्याच आठवड्यात नाकारलं. कंपनीशी तिचं बोलणं, सांगायला नकोच, फार सुंदर झालं.

दुसऱ्या शस्त्रक्रियेला खरी अडचण वेगळीच होती. घरचा आवाज तिथे काढायचा कसा? हिरव्या कापडाखाली, परक्यांच्या घोळक्यात, तो तिच्या हातातच नव्हता. सेगी-सान म्हणाली, नवऱ्याला आत घ्या. डॉक्टरांनी वरपर्यंत विचारून परवानगी काढली. तामोत्सु-सानना टोपी, झगा, तोंडाला पट्टी असं सजवून, बँडेजच्या हातासकट डोक्याशी उभं केलं. पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आहे, आणि एवढं तरी जुळतं.

डॉक्टर म्हणाले, "बोला."

तामोत्सु-साननी घसा खाकरला. इतक्या डॉक्टरांपुढे त्यांचाही बाहेरचा आवाज लागला. "आपण... बऱ्या आहात ना?"

"आपल्या कृपेनं," ती कापडाखालून म्हणाली.

डॉक्टर हत्यार धरून थांबले. कोणी हसलं नाही. सेगी-सान तामोत्सु-सानच्या कानाशी लागली, घरचं काहीतरी विचारा, अगदी काहीही. मग त्यांना जे सकाळपासून हवं होतं तेच त्यांनी विचारलं.

"आई, मोठ्या पिंपाचं झाकण कुठे ठेवलंस?"

"न्हा... णीच्या... मा..."

फट थोडी वाढली.

"बघितलं तिथे. नाहीये."

"उभ्या... नं बघितलं असशील."

"वाकलो होतो की."

"नाही वाकलास." हे जरा सैल आलं. "जन्मात कधी वाकून बघितलंयस? पिंप समोर असलं तरी विचारशील कुठे आहे. न्हाणीच्या मागे, बादलीच्या आड, उभं करून ठेवलंय. वाक म्हणजे दिसेल."

शेवटचं वाक्य खालून, जाड, अख्खं आलं. कुठेही न अडता. डॉक्टर म्हणाले, "इथेच." पट्ट्या बसवल्या.

"वाकलो होतो," तामोत्सु-सान पुन्हा म्हणाले. पण तोपर्यंत काम झालेलं होतं. आजही ते मला सांगतात की ते वाकले होते.

आता तिचा आवाज खाली बसलेला आहे, थोडा वाऱ्याचा, लांबवर न जाणारा. वर चढवायला गेली की नुसती हवा निघते. दुकानात, बँकेत तीच जाडीभरडी बोली वापरावी लागते, आणि नवखी माणसं जरा दचकतात. फोन ती घेत नाही, तामोत्सु-सान घेतात, आपल्या शेतकरी संघाच्या आवाजात. मुलानं सुरुवातीला विचारलं, "आई, घसा बसलाय का?" ती म्हणाली, "नाही, हाच आहे."

मला वाटलं होतं, आवाज परत आला की घरात बोलणं परत येईल. तसं फारसं झालं नाही. त्या मधल्या वर्षात त्यांना न बोलण्याची सवय लागली. जेवायला बसतात, टीव्ही चालू असतो. "मीठ." "घे." बूट पुन्हा घरात येतात, ती पुन्हा सांगते. बसची आठवण येते का, हे मी एकदाच विचारलं. ती सलगमाचे देठ छाटत होती, छाटत राहिली. म्हणाली, "शिटी ठेवून घेतलीये." मग थोड्या वेळानं, "ती कुठेय ते मात्र आठवत नाही."

मागच्या आठवड्यात धुकं फार होतं. तामोत्सु-सान छोटा ट्रक उलटा घेत होते, सलगमांनी भरलेला. ती मागे उभी राहून म्हणत होती, "ये. ये. अजून ये. बास. बास म्हटलं ना." ट्रक येतच राहिला आणि आमच्या भिंतीला हलकेच लागला. दोनतीन सलगम खाली पडले.

ते उतरले, मागे येऊन बघितलं. "ऐकू नाही आलं."

"आता तिथवर नाही येत ऐकू," ती म्हणाली. "काच खाली घेत जा."

त्यांनी मान हलवली. मग दोघांनी पडलेले सलगम उचलले, ती एकेक पुसून देत गेली आणि ते ट्रकवर ठेवत गेले. मी भिंत बघितली, काही झालं नव्हतं, तसं त्यांना सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि दोघं छपरात गेले.